बाळगण्याची शिक्षा कमी केली, तर तुरुंगातल्या खाटा खरंच रिकाम्या होतात का?

नोंदवही (धागाकर्ती)

अमली पदार्थ जवळ बाळगल्याबद्दलची शिक्षा कमी करायचा विषय कुठेही निघाला की चर्चा दोनच रुळांवर धावते. एक बाजू म्हणते, तुरुंग ओस पडतील आणि अमाप पैसा वाचेल. दुसरी म्हणते, सगळे मोकाट सुटतील. माझ्या रोजच्या कामात अशा विधेयकांची आर्थिक टिपणं येतात. कायदा बदलला तर तुरुंगात किती खाटा लागतील, किती माणसं प्रोबेशनवर (म्हणजे तुरुंगाबाहेर, अटींवर, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली) असतील, त्यांच्यासाठी किती अधिकारी लागतील, हे त्यात मांडायचं असतं. ती टिपणं वाचताना जे वारंवार दिसतं ते या दोन्ही बाजूंच्या बोलण्यात येत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी साधा हिशोब. एखाद्या दिवशी तुरुंगात किती माणसं असतील हे दोन गोष्टींवर ठरतं: वर्षाला किती जण आत येतात आणि सरासरी किती काळ राहतात. समजा, बाळगण्याच्या गुन्ह्यात वर्षाला १,००० जण आत गेले आणि सहा-सहा महिने राहिले. त्यांना ५०० खाटा लागल्या. विक्रीच्या गुन्ह्यात वर्षाला फक्त १०० जण गेले, पण दहा-दहा वर्षं राहिले, तर त्यांना १,००० खाटा लागल्या. पहिला गट दहापट मोठा, आणि जागा मात्र दुसऱ्याच्या निम्मी. बाळगण्याचं कलम उद्या पूर्ण उडवलं तरी दुसऱ्या गटाच्या खाटा जागच्या जागी राहणार.

आता खरे आकडे. अमेरिकेत २०१९ साली अमली पदार्थांसंबंधी साधारण १५ लाख ६० हजार अटका झाल्या, आणि त्यातल्या दहापैकी जवळपास नऊ नुसत्या बाळगण्याबद्दल होत्या. पण राज्यांच्या तुरुंगांत ज्यांचा सर्वांत गंभीर गुन्हा 'बाळगणे' एवढाच आहे असे कैदी शंभरात चारच्या आसपास. अटका एवढ्या आणि कैदी एवढेसे, मग बाकीचे गेले कुठे? काहींचे खटले पुढे सरकतच नाहीत, काही जण काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या, जेलमध्ये दिवस किंवा आठवडे काढतात, आणि एक मोठा लोंढा प्रोबेशनवर जातो. तिथे वर्षानुवर्षं देखरेख.

त्यामुळे माझं मत असं झालं आहे की शिक्षा कमी केल्याचा मोठा परिणाम शोधायचा असेल तर तुरुंगाच्या फाटकाशी उभं राहून उपयोग नाही. तो प्रोबेशन ऑफिसात आणि कोर्टाच्या फायलींत दिसतो. आणि तिथे काय होतं हे नीट न पाहता कायदा केला की दोन-चार वर्षांत तो मागे घ्यायची वेळ येते.

ज्यांनी हे जवळून पाहिलं आहे त्यांनी कृपया लिहा.


करडा_ढग

चांगला विषय. पण मग "तुरुंगाचा खर्च वाचतो" हा दावा पोकळच म्हणायचा का? कॅलिफोर्नियात २०१४ नंतर कैद्यांची संख्या उतरली होती, असं मी वाचलं आहे.


नोंदवही

पोकळ नाही, पण जेवढा मोठा करून सांगतात तेवढा नसतो. कॅलिफोर्नियाचं जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे सगळे धागे एकाच ठिकाणी सापडतात.

२०११ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'ब्राउन विरुद्ध प्लाटा' खटल्यात राज्याला सांगितलं की तुरुंगातली गर्दी बांधीव क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणलीच पाहिजे. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून राज्याने 'रिअलाइनमेंट' सुरू केलं. कमी गंभीर गुन्ह्यांतले लोक राज्याच्या तुरुंगात न पाठवता काउंटीच्या जेलमध्ये ठेवायचे. नोव्हेंबर २०१४ मध्ये जनतेने प्रपोझिशन ४७ (थेट मतदानाला ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव) मंजूर केलं आणि बाळगण्याचा गुन्हा किरकोळ वर्गात गेला. पण तोपर्यंत असे बरेचसे लोक राज्याच्या हिशोबातून निघून काउंटीच्या हिशोबात गेलेले होते.

तरी फरक पडला. आधीच शिक्षा भोगत असलेल्यांना ती नव्याने ठरवून मागता येत होती. २०१५ च्या सुरुवातीलाच, म्हणजे कोर्टाच्या मुदतीच्या वर्षभर आधी, राज्य १३७.५ टक्क्यांच्या खाली आलं. काउंटीच्या जेलमध्येही काही महिन्यांत जागा झाली. याच प्रपोझिशनमध्ये ९५० डॉलरपर्यंतच्या चोऱ्याही किरकोळ वर्गात टाकल्या होत्या, म्हणून ही सगळी घट अमली पदार्थांच्या खात्यावर लिहिता येणार नाही.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट काउंटीच्या जेलमध्ये घडली. कित्येक जेलवर गर्दीची मर्यादा होती आणि जागा नाही म्हणून लोकांना मुदतीआधी सोडावं लागत होतं. बाळगणारे कमी झाल्यावर हे मुदतीआधी सोडणंही कमी झालं. मोकळी झालेली खाट चोरीच्या किंवा मारहाणीच्या गुन्ह्यातल्या माणसाने घेतली. जिथे आधीच दाटी आहे तिथे असंच होतं. मागणी घटते, पण रिकामी खाट दिसत नाही. ज्यांना सुरक्षितता हवी आहे त्यांच्यासाठी ही चांगलीच बातमी आहे. ज्यांना पैसा वाचलेला हवा आहे त्यांना मात्र हातात काही मिळत नाही.

पैशाचंही तसंच. एका कैद्याचा वर्षाचा सरासरी खर्च घ्यायचा आणि त्याला घटलेल्या कैद्यांनी गुणायचं, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. एका बराकीतले दहा कैदी कमी झाले तर जेवण, कपडे आणि थोडी औषधं वाचतात. पहारेकरी तेवढेच राहतात, दिवे तेवढेच जळतात. बराकच्या बराक बंद झाली, पाळ्या कमी झाल्या, तर खरा पैसा सुटतो. टिपणात "सरासरी खर्च" दिसला की मी तिथेच खूण करते.


पिंपळपान

नोंदवही ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी काही वर्षं अमेरिकेतल्या एका काउंटीच्या प्रोबेशन ऑफिसात होतो, म्हणून देखरेख म्हणजे नेमकं काय ते लिहितो. "प्रोबेशनवर सुटला" हे वाक्य ऐकलं की लोकांना वाटतं, माणूस घरी गेला आणि विषय संपला.

पहिल्या दिवशी माणसासमोर अटींचा कागद येतो. महिन्यातून ठरल्या वेळी हजेरी. पत्ता बदलला तर कळवायचं. परवानगीशिवाय राज्याबाहेर जायचं नाही. दरमहा देखरेखीची फी भरायची. आणि लघवीची तपासणी. तिची पद्धत अशी: प्रत्येकाला एक रंग दिलेला असतो. रोज सकाळी एका नंबरवर फोन करायचा, तिथे रेकॉर्ड केलेला आवाज त्या दिवसाचा रंग सांगतो. आपला रंग निघाला तर त्याच दिवशी ठरलेल्या वेळेत येऊन नमुना द्यायचा. आधी कळवत नाहीत, कारण आधी कळलं तर तपासणीला अर्थ उरत नाही.

माझ्याकडे एक तिशीतला माणूस होता. त्याच्या खिशात काचेची नळी सापडली होती, आत जळलेल्या पावडरीचा थर. तेवढ्या अवशेषावर बाळगण्याचा गंभीर गुन्हा आणि तीन वर्षांचं प्रोबेशन. तो गोदामात रात्रपाळी करायचा. सकाळी घरी येऊन झोपला की फोन राहायचा. रंग निघाला, तो आला नाही. पुन्हा तसंच झालं. नियमाप्रमाणे मला अटभंगाचा अहवाल पाठवावा लागला. वॉरंट निघालं. सुनावणी होईपर्यंत तो जेलमध्ये, आणि तोवर गोदामातली नोकरी गेली. नोकरी गेल्यावर फी थकली, म्हणजे आणखी एक अट मोडली.

आता नोंद कशी होते ते बघा. हा माणूस पुन्हा आत गेला तेव्हा रजिस्टरमध्ये 'अटभंग' लागला. त्यामुळे ताई, तुम्ही लिहिलेल्या शंभरातल्या चारांनी चित्र थोडं लहान दिसतं. २०१९ च्या एका देशव्यापी अहवालात असं आलं की राज्यांच्या तुरुंगात नव्याने दाखल होणाऱ्यांपैकी ४५ टक्के लोक प्रोबेशन किंवा पॅरोल (तुरुंगातून मुदतीआधी अटींवर सुटका) मोडल्यामुळे येतात, आणि सुमारे एक चतुर्थांश दाखले तर निव्वळ तांत्रिक अटभंगाचे. म्हणजे हजेरी चुकली, तपासणी चुकली, फी थकली. त्यातले किती जण मुळात बाळगण्याच्या गुन्ह्यातून देखरेखीत आले होते, हे 'बाळगणारे कैदी' मोजून कधीच कळणार नाही.

गुन्हा गंभीर वर्गातून किरकोळ वर्गात गेला की दोन गोष्टी होतात. देखरेखीची मुदत सहसा आखूड होते. आणि अट मोडली तरी माणसाला राज्याच्या तुरुंगात पाठवता येत नाही, जास्तीत जास्त काउंटीचं जेल. तुरुंगाच्या खाटांवर खरा परिणाम या वाटेने होतो आणि तो दिसायला वर्ष-दोन वर्षं लागतात.


करडा_ढग

पिंपळपान दादा, हे वाचून खरंच सुन्न झालो. पण मग गुन्हा किरकोळ झाल्यावर तुमच्या ऑफिसचं काम निम्मं झालं असेल ना?


पिंपळपान

नाही झालं. फायली कमी झाल्या, तास कमी झाले नाहीत. बाळगण्याच्या फायली हलक्या असायच्या, महिन्याची हजेरी, तपासणी, दोन ओळींची नोंद. त्या गेल्यावर माझ्या टेबलावर उरले ते घरगुती हिंसेचे, हत्यारांचे, तुरुंगातून नुकतेच बाहेर आलेले लोक. त्यातल्या एकेकामागे घरभेट, पीडितेशी बोलणं, नोकरीच्या ठिकाणी चौकशी. आधीच्या शंभर फायलींपेक्षा नंतरच्या साठांनी माझा जास्त वेळ घेतला.

आणि इथेच अंदाजपत्रकवाले घात करतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात काउंट्यांना देखरेखीसाठी मिळणारा राज्याचा पैसा मुख्यतः गंभीर गुन्ह्यांतल्या लोकांच्या संख्येवर ठरायचा. बाळगणारे त्या यादीतून गेले, संख्या घसरली, की पैसाही घसरतो. उरलेले लोक जास्त अवघड, आणि त्यांच्यासाठी अधिकारी आधीपेक्षा कमी. माणशी ठरावीक रक्कम हे सूत्र ज्याने लावलं त्याने कधी एक फाईलही हाताळली नसावी.


तळटीप

वकिली करतो म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. 'बाळगणे' आणि 'विक्री' यांच्यामधली रेघ कुठे मारली आहे, हे न बघता शिक्षा कमी केली तर तुरुंगातली गर्दी वाढूसुद्धा शकते. ब्राझीलमध्ये हेच झालं.

ब्राझीलने २००६ साली नवा कायदा केला, क्रमांक ११,३४३. स्वतःच्या वापरासाठी बाळगल्यास तुरुंगवास रद्द. समज देणं, समाजसेवा, प्रबोधनाच्या वर्गाला हजेरी, एवढंच. त्याच कायद्यात विक्रीची किमान शिक्षा तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. आणि किती ग्रॅमपर्यंत स्वतःचा वापर मानायचा ते लिहिलंच नाही. जागा, परिस्थिती, माणसाची सामाजिक स्थिती बघून ठरवायचं. व्यवहारात ते ठरवू लागला पकडणारा पोलीस. गरीब वस्तीत सापडलेला पोरगा विक्रेता, चांगल्या वस्तीत सापडलेला वापरणारा. पुढच्या वर्षांत अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या कैद्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. शेवटी जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गांजापुरती ४० ग्रॅमची रेघ आखून दिली. मधली अठरा वर्षं ज्यांची आत गेली त्यांचं काय?

रेघ ग्रॅममध्ये लिहिली म्हणजे काम झालं असंही नाही. मेक्सिकोने २००९ मध्ये लिहिली: गांजा ५ ग्रॅम, कोकेन अर्धा ग्रॅम, हेरॉइन ५० मिलिग्रॅम. नियमित घेणाऱ्याच्या खिशात सहज त्याहून जास्त निघतं. मग तो कायद्याच्या दृष्टीने विक्रेत्यांच्या बाजूला जातो. उलट पोर्तुगालने एका माणसाला दहा दिवस पुरेल इतका साठा ही मर्यादा घेतली, जी वापरणाऱ्याच्या प्रत्यक्ष जगण्याशी जुळते.

भारताचा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदाही याच प्रश्नाभोवती फिरतो. १९८५ च्या मूळ कायद्यात थोडा माल स्वतःच्या वापरासाठी होता हे आरोपीने सिद्ध केलं तर ठीक, नाहीतर किमान दहा वर्षं. २००१ च्या दुरुस्तीने अल्प, मधली आणि व्यावसायिक अशा मात्रा आल्या. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक. अल्प मात्रेला आज कमाल एक वर्ष. पण वजन कशाचं करायचं? २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, शुद्ध अमली पदार्थाचं. २०२० मध्ये 'हिरा सिंग' खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते फिरवलं: भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं. शिक्षेच्या कलमातला एकही शब्द न बदलता तीच पुडी अल्प मात्रेतून मधल्या मात्रेत जाऊ शकते, जिथे कमाल शिक्षा दहा वर्षं आहे. आर्थिक टिपणात या गोष्टीला रकाना असतो का, नोंदवही ताई?

शिवाय जिथे चारपैकी तीन बंदी कच्चे कैदी आहेत, तिथे शिक्षेचा आकडा कमी करून फार थोडं हलतं. तिथे खाटेचा मुक्काम जामिनावर ठरतो.


नोंदवही

तळटीप, सहसा नसतो, आणि असायला हवा. बहुतेक टिपणं असं गृहीत धरतात की काल ज्यांच्यावर बाळगण्याचं कलम लागलं त्यांच्यावर उद्याही तेच लागेल. सरकारी वकिलाकडे 'विक्रीच्या हेतूने बाळगणे' हे कलम तयारच असतं. एक कलम हलकं झालं की शेजारच्या जड कलमाचा मोह वाढतो. पुड्या वेगवेगळ्या बांधल्या होत्या, खिशात रोख होती, वजनकाटा सापडला, एवढं पुरतं. आणि अमेरिकेत बहुतेक खटले कबुलीच्या सौद्यावर (गुन्हा कबूल करायचा, बदल्यात शिक्षा कमी) संपतात, त्यामुळे सुरुवातीला लावलेलं कलमच शेवट ठरवतं.


आभाळमाया

मी एरवी फक्त वाचते, आज राहवत नाही म्हणून लिहिते. माझ्या मावसभावाला ड्रग कोर्टाने वाचवलं. दर आठवड्याला न्यायाधीशांसमोर उभं राहायचं, उपचार घ्यायचे, पूर्ण केलं तर गुन्हा पुसला जाणार. त्याने स्वतः सांगितलं आहे की डोक्यावर तुरुंगाची टांगती तलवार नसती तर तो दुसऱ्या आठवड्यातच पळाला असता. तुम्ही सगळे खाटा आणि फायली मोजताय ते ठीक आहे. पण शिक्षा हलकी केली की उपचाराला जायचं कारणच संपतं, असं नाही का होत? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.


पिंपळपान

आभाळमाया, तुमचा मावसभाऊ सावरला हे वाचून बरं वाटलं. आणि तुमचा मुद्दा खरा आहे, तो टाळून ही चर्चा करता येणार नाही. प्रपोझिशन ४७ नंतर कॅलिफोर्नियात कित्येक ठिकाणी ड्रग कोर्टात येणाऱ्यांची संख्या घटली. कारण उघड आहे. एका बाजूला वर्ष-दीड वर्षाचा कडक कार्यक्रम, दुसऱ्या बाजूला किरकोळ गुन्हा आणि थोडेच दिवस. वकीलसुद्धा अशिलाला दुसरी वाट घे म्हणून सांगतो.

पण त्या टांगत्या तलवारीखाली माझ्या गोदामवाल्यासारखेही होते. ड्रग कोर्टात जागा मोजक्या असायच्या, आमच्याकडे तरी बहुतेकांना फक्त अटींचा कागद आणि रंग सांगणारा फोन मिळायचा. उपचाराची रांग लांब. जिथे तलवार आहे पण उपचार नाहीत, तिथे माणूस फक्त परत आत येतो.


नोंदवही

आभाळमाया, या प्रश्नावर ओरेगॉनचा अनुभव सगळ्यांनी नीट वाचावा असा आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे मेझर ११० हा जनमताचा प्रस्ताव सुमारे ५८ टक्के मतांनी मंजूर झाला. १ फेब्रुवारी २०२१ पासून थोडा माल बाळगणं हा गुन्हाच राहिला नाही. १०० डॉलरची पावती, आणि एका नंबरवर फोन करून आरोग्याची चौकशी करून घेतली तर तीही माफ. फोन फारच थोड्यांनी केला. पावती न भरल्याचा परिणाम जवळपास काहीच नव्हता. गांजावरच्या कराचा पैसा उपचारांकडे वळवायचा होता, तो केंद्रांपर्यंत पोहोचायला फार उशीर झाला. म्हणजे अटका लगेच थांबल्या आणि उपचार नंतर आले. मधल्या काळात फेंटानिल, म्हणजे हेरॉइनहून कित्येक पट तीव्र अमली पदार्थ, पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. मृत्यू वाढले, रस्त्यावर उघड सेवन दिसू लागलं, लोकांचा धीर सुटला. १ सप्टेंबर २०२४ पासून तो पुन्हा किरकोळ गुन्हा झाला, १८० दिवसांपर्यंत जेलची तरतूद आली, आणि कोर्टाआधीच उपचाराकडे वळवण्याचे कार्यक्रम काउंट्यांनी उभे करावेत असं प्रोत्साहन दिलं गेलं.

फेंटानिलचा दोष कायद्यावर टाकायला मी तयार नाही. हा कायदा नसलेल्या शेजारच्या राज्यांतही तेच झालं. पण कायदा ज्या क्रमाने राबवला गेला तो क्रम चुकीचा होता असं मी ठामपणे म्हणेन. आणि परत फिरतानाही फुकट फिरता येत नाही. गुन्हा परत आला की कोर्टाच्या तारखा, सरकारी बचाव वकील, जेलच्या खाटा, देखरेख, सगळ्याची मागणी परत येते. ओरेगॉनमध्ये तर बचाव वकिलांचा तुटवडा आधीपासूनच होता.

कॅलिफोर्नियानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रपोझिशन ३६ मंजूर केलं: आधी दोनदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा बाळगताना सापडला तर गंभीर गुन्हा, पण उपचार पूर्ण केले तर तो काढून टाकायचा. आभाळमाया, तुम्ही म्हणता ती तलवार त्यांनी परत टांगली आहे. उपचाराच्या जागा तेवढ्या आहेत का, यावर आता सगळं अवलंबून आहे.


करडा_ढग

मग पोर्तुगालला कसं जमलं? सगळीकडे त्यांचंच उदाहरण देतात.


तळटीप

उदाहरण देतात, पण अर्धवट. पोर्तुगालचा कायदा १ जुलै २००१ पासून लागू झाला. माल जप्त होतो, पोलीस नाव लिहून घेतात, आणि माणसाला थोड्याच दिवसांत एका आयोगासमोर जावं लागतं. तिथे तिघं जण असतात, कायद्याची आणि आरोग्य-समाजकार्याची जाणकार मंडळी. झगे नाहीत, पिंजरा नाही, साधं टेबल. व्यसन नसेल तर बहुधा प्रकरण स्थगित. व्यसन असेल तर उपचाराशी गाठ घालून देतात. म्हणजे तिथे देखरेख आहेच, ती फक्त फौजदारी खात्याकडून आरोग्य खात्याकडे गेली. त्यासाठी माणसं नेमली, उपचार केंद्रं आधी उभी केली.

तुरुंगाबद्दल मात्र जपून बोलायला हवं. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या कैद्यांचं प्रमाण तिथे ४० टक्क्यांच्या वर होतं, ते पुढच्या दशकभरात जवळपास निम्म्यावर आलं. पण नुसत्या वापराबद्दल २००१ च्या आधीही क्वचितच कुणाला तुरुंगात टाकायचे, दंडच व्हायचा. म्हणून ती घट केवळ एका कलमामुळे आली असं म्हणता येत नाही. उपचार घेणारे वाढले, म्हणून स्वतःची नशा भागवण्यासाठी थोडंफार विकणारे कमी झाले, हे त्याचं मला जास्त पटणारं कारण आहे.

दंड लावून सोडून द्यायचं, या सोप्या वाटेचा धोका दक्षिण ऑस्ट्रेलियात दिसला. १९८७ पासून तिथे थोड्या गांजासाठी पोलीस जागेवर पावती फाडू लागले. उद्देश चांगला, कोर्टाचा वेळ वाचावा. पावती फाडणं इतकं सोपं होतं की ज्यांना पूर्वी समज देऊन सोडलं असतं त्यांनाही मिळू लागली. वर्षाला सुमारे ६ हजार पावत्या होत्या, त्या काही वर्षांत १७ हजारांच्या आसपास गेल्या. जवळपास निम्म्या लोकांनी भरल्याच नाहीत, त्यांची प्रकरणं कोर्टात गेली आणि तिथे दोषी ठरल्याची नोंद झाली. शिक्षा हलकी झाली आणि व्यवस्थेच्या जाळ्यात येणारे वाढले.


पिंपळपान

हे फार महत्त्वाचं. दंड न भरल्यास काय, हे कलम कायम शेवटच्या पानावर असतं आणि गरीब माणूस त्याच कलमात अडकतो.


करडा_ढग

नोंदवही ताई, मी या विषयात "गुन्हेगार मोकाट सुटतील" वाल्या बाजूचा होतो, अजूनही थोडा आहे. पण एक विचारतो. उद्या असं विधेयक समोर आलं तर तुम्ही सर्वात आधी त्यात काय बघाल?


नोंदवही

पूर्वलक्षी परिणाम आहे का, म्हणजे जुन्या शिक्षांनाही नवा कायदा लागू होतो का, ते आधी बघेन. ओक्लाहोमा राज्याने नोव्हेंबर २०१६ मध्ये जनमताने बाळगणं किरकोळ गुन्हा केलं, १ जुलै २०१७ पासून: कमाल एक वर्ष, १,००० डॉलर दंड. पहिल्याच वर्षात गंभीर गुन्ह्यांचे दाखल खटले चतुर्थांशाहून जास्त घटले आणि किरकोळ खटले वाढले. पण आधी आत गेलेले आतच होते. त्याच कृत्याला बाहेर एक वर्ष आणि आतल्या माणसाला दहा वर्षं. २०१९ मध्ये वेगळा कायदा करून तो बदल मागे लावला, आणि ४ नोव्हेंबर २०१९ ला एका दिवसात ४६२ जण बाहेर आले. पूर्वलक्षी तरतूद नसेल तर जुने कैदी मुदत संपेपर्यंत राहतात आणि खाटा हळूहळू सुटतात. असेल तर एकदम सुटतात, पण मग त्या दिवशी फाटकाबाहेर राहायची जागा, ओळखपत्र, औषध याची तयारी लागते.

नंतर रेघ: किती वजन, कशाचं वजन, हेतू कोण ठरवणार. तळटीप यांनी लिहिलंच आहे.

मग अटभंग. गुन्हा किरकोळ केला पण हजेरी चुकल्यावर जेल ही जुनी पद्धत तशीच ठेवली, तर पिंपळपान यांच्या गोदामवाल्यासारखे लोक येतच राहणार. कॅलिफोर्नियाने २०२१ पासून प्रोबेशनची मुदतच आखूड केली, बहुतेक किरकोळ गुन्ह्यांत एक वर्ष आणि बहुतेक गंभीर गुन्ह्यांत दोन. खाटांच्या दृष्टीने हा बदल मला शिक्षा कमी करण्याइतकाच मोठा वाटतो, पण त्यावर घोषणा होत नाहीत.

आणि शेवटी पैसा कुठल्या खात्यात जाणार ते. कॅलिफोर्नियाने वाचलेल्या पैशाची वाटणी कायद्यातच लिहिली: ६५ टक्के मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीला, २५ टक्के शाळांना, १० टक्के गुन्ह्यांत बळी पडलेल्यांना. ओक्लाहोमात जोडीला दुसरा प्रश्न मतदानाला होता, वाचलेला पैसा काउंट्यांना उपचारांसाठी द्यायचा. लोकांनी तोही मंजूर केला. त्यानंतर कित्येक वर्षं विधिमंडळाने त्या खात्यात पैसा टाकला नाही. खटले काउंटीकडे गेले, जेलचा भार काउंटीकडे गेला, व्यसनी माणूस काउंटीच्या दारात उभा राहिला, आणि पैसा राज्याच्या तिजोरीत.


आभाळमाया

धन्यवाद, सगळ्यांनी इतकं समजावून सांगितलंत. भावाला वाचायला दिला हा धागा. तो आता त्याच ड्रग कोर्टात नव्याने येणाऱ्यांबरोबर बसतो. तो म्हणाला, उपचाराच्या जागेसाठी त्यांच्याकडे अजूनही नावं लिहून ठेवतात आणि बोलावणं यायला महिने लागतात. पिंपळपान दादा, तुमच्या काउंटीत जेलमधून थेट उपचार केंद्रात पाठवायची सोय होती का? तिथे ती कशी सुरू करता येईल, हे त्याला विचारायचं आहे.


पिंपळपान

होती, पण उशिरा आली. त्याला मला व्यनि करायला सांगा. न्यायाधीशांकडे अर्ज कसा करायचा आणि केंद्राशी लेखी करारात कोणत्या अटी घालून घ्यायच्या ते सविस्तर लिहून देतो.